झाकणाआधी कान उघड

‘सर, काय बदलू?’

आल्याआल्या तोंडातून पहिलं हे निघालं. पेडण्याहून सकाळची बस धरलीस, म्हापशाला गाडी बदललीस, एवढा जड अँप्लिफायर मांडीवर घेऊन पणजी गाठलीस, याबद्दल शाबासकी द्यायला मी तयार होतो. पण तू तोंड उघडलंस आणि सगळं मुसळ केरात. काय बदलू म्हणजे? बिघडलंय काय ते कळल्याशिवाय बदलायचं काय ते मी कुठून सांगू? आणि बदलायला तू मागे ठेवलंयस तरी काय? फिल्टरचे दोन्ही मोठे कपॅसिटर नवे, आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर नवे, ट्रान्सफॉर्मरसुद्धा नवा. जुनं आता नुसतं खोकं उरलंय. आणि बटण दाबलं की स्पीकरमधून ‘धप्प’ होतं, ते? ते जागच्या जागी आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स माझ्या हाताखाली केलास. आवाजाची तक्रार आली की आधी ऐकायचं, हे तुमच्याकडून घोकून घेता घेता माझा घसा बसला होता. आवाज केव्हा येतो, कुठून येतो आणि काय केल्यावर बदलतो, या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत उतरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. कुठे आहे तुझी वही? मोबाइल आहे म्हणतोस. दाखव. अँप्लिफायरचे चारी बाजूंनी फोटो आहेत, नव्या ट्रान्सफॉर्मरचं बिल आहे, आवाजाबद्दल एक ओळ नाही. गिऱ्हाईक म्हणालं ‘धप्प होतं’, तू ऐकलंस ‘पार्ट बदला’.

बस आता. मान खाली घालू नकोस, कान इकडे दे.

पहिला प्रश्न, केव्हा आणि कुठून. बटण दाबलं त्याच क्षणी खोकं हुंकारलं आणि स्पीकर मात्र गप्प राहिले, तर तो आवाज ट्रान्सफॉर्मरचा. विशेषतः गोल वेटोळ्याचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि रिकामे फिल्टर कपॅसिटरही त्याच वेळी भरायला लागतात. खोलीतला दिवा किंचित मिचकतो. यात बिघाड काही नाही. दर वेळी फ्यूजच उडत असेल तर प्रायमरीच्या वाटेत एनटीसी थर्मिस्टर घालायचा. तो गार असताना प्रवाह अडवतो, तापला की सोडतो. काम झालं.

त्याच क्षणी स्पीकरमधूनच धप्प झालं, तर बघायचं की सप्लाय एकेरी आहे की दुहेरी. टीडीए २०३० चा एकेरी सप्लायवर चालणारा बोर्ड असेल, तर आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये एक मोठा कपॅसिटर असतो. चालू करताना तो अर्ध्या सप्लायपर्यंत भरतो, आणि त्याला भरणारा प्रवाह जातो स्पीकरच्या कॉइलमधून. शंकू एकदा पुढे येतो आणि परत जागेवर बसतो. त्या बोर्डाची जातच तशी आहे. तो धप्प थोडा कमी करता येतो, पण गिऱ्हाइकाला ‘नवा आयसी टाकून घालवतो’ असं सांगणं ही शुद्ध थाप.

तुझ्या या अँप्लिफायरचा सप्लाय दुहेरी आहे, अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. यात आउटपुटला कपॅसिटर नाही. अँप्लिफायर शांत असताना स्पीकरच्या तारेवर शून्य व्होल्ट हवेत. पण चालू होताना दोन्ही बाजू एकाच वेळी भरत नाहीत, आतल्या पायऱ्या स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर आउटपुट इकडेतिकडे भरकटतं. तेवढा वेळ स्पीकर तोडून ठेवायला बनवणाऱ्याने रिले बसवलाय. बटण दाबल्यावर दोनतीन सेकंद शांतता, मग ‘टिक्’, मग गाणं. ती टिक् ऐकली की आपल्याला बरं वाटायला हवं, कारण सगळं स्थिर झाल्याची ती पावती आहे.

आता मी बटण दाबतो. ऐक. पुन्हा दाबतो. काय ऐकलंस? धप्प? ते तर गिऱ्हाइकालाही ऐकू आलं होतं. टिक् कधी झाली? नीट ऐक. धप्पच्या जोडीनेच झाली ना? रिले थांबतच नाहीये. बटणाबरोबर जोडला जातोय आणि आउटपुट भरकटत असताना स्पीकर वाटेत उभा आहे. ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर, फिल्टर, यांतल्या एकाचाही धप्पशी संबंध नव्हता. एक खुर्ची, एक बटण आणि दोन कान एवढ्या सामानावर पेडण्यातच उत्तर मिळालं असतं.

झाकण काढ. रिलेच्या शेजारी एका रांगेत ८ पायांचा तो आयसी दिसतो? यूपीसी १२३७. निम्म्या जगाच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरची राखण करणारा आयसी हाच. त्याच्या सातव्या पायाला एक छोटा कपॅसिटर आहे. तो भरेपर्यंत रिले थांबतो. तो किती मोठा आणि त्याला भरणारा रेझिस्टर केवढा, यावर किती सेकंद थांबायचं ते ठरतं. आता त्या कपॅसिटरला खेटून काय उभं आहे बघ. सिमेंटचा पांढरा रेझिस्टर. मोठ्या सप्लायमधून या आयसीला लागेल तेवढाच व्होल्टेज द्यायला तो बाकीचा व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि दिवसभर तापतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण अर्धं होतं, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. बाटलीचं प्लॅस्टिक आवरण आक्रसलंय, वरचा पत्रा काळवंडलाय. काढ आणि मीटरवर घाल. लिहिलेत ४७ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतोय ३. भरायला वेळच लागत नाही, म्हणून रिलेही थांबत नाही.

हा कपॅसिटर म्हणजे एका चहाचा खर्च. नवा बसवताना १०५ अंशांचा घे, ८५ चा नको. आणि पुन्हा त्या रेझिस्टरच्या मांडीवर बसवू नकोस, पाय थोडे लांब ठेवून दूर वाकव. बंद करतानाही कान लाव. याच आयसीचा चौथा पाय एसी गेल्याचं ओळखतो. बटण बंद झाल्याबरोबर रिले सुटायला हवा, सप्लाय रिकामा होताना आउटपुट जे ‘कुंऽई’ किंवा ‘धप्प’ करतं ते स्पीकरपर्यंत पोचता कामा नये. बंद केल्यावर काही सेकंदांनी टिक् झाली, तर चौथ्या पायाची वाट तपास.

काय पुटपुटलास? ‘रिले डायरेक्ट केला तर?’ मोठ्याने म्हण ना. रिले जोडला जात नाही म्हणून त्याच्या दोन पायांवर तार डकवून गिऱ्हाइकाला माल परत देणारे लोक तुझ्या माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यात जायचंय? मग हिशेब कर. ८ ओहमचा म्हणतात त्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण ६ ओहम. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि ३५ व्होल्ट सरळ कॉइलवर आले, तर जवळपास ६ अँपिअर आणि २०० वॅट, तेही नुसती उष्णता. शंकू एका बाजूला ताणून बसणार, हलणार नाही, हवाही खेळणार नाही. काही सेकंदांत धूर, नशीब वाईट असेल तर पडद्यालाही आग. रिले जोडला जात नसेल तर तो आपलं काम करतोय. स्पीकर काढ, रिलेच्या अलीकडे, अँप्लिफायरच्या बाजूला मल्टिमीटर लाव, डीसी व्होल्ट बघ. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या वर असेल तर शोध घ्यायचा. पूर्ण व्होल्ट दिसायला लागले तर स्पीकरचं नावही काढायचं नाही.

आणि हे सगळं सिरीज बोर्डवर. १०० वॅटचा साधा बल्ब मध्ये घालून चालू करायचं. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जा, पेटलेलाच राहिला तर बंद कर. तू ट्रान्झिस्टर बदलून सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये घातलास ना? वाचलास. फिल्टर रिकामे करतानाही स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडत असशील, मला ठाऊक आहे. रेझिस्टर लाव, दहा सेकंद थांब, मीटरने शून्य बघ. तपासायला आपला एक भंगारातला स्पीकर ठेवायचा, गिऱ्हाइकाचा नाही.

एवढं होऊनही तू छाती काढून काय म्हणालास? ‘धप्पचं जमलं नाही, पण स्पीकरमधली ती सततची घुं मात्र मी घालवली, सर.’

कशी घालवलीस ते मी तू आत आलास तेव्हाच पाहिलं. गप्प होतो, कारण तू स्वतः सांगशील अशी आशा होती. प्लगची तिसरी पिन कुठे आहे? जी इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी शिरते आणि सगळ्यांच्या शेवटी सुटते, ती? हॅकसॉने कापलीस. वर कडा घासून गुळगुळीतही केलीस, म्हणजे कामात नीटनेटका आहेस.

रात्री काठी वाजते, झोपमोड होते, म्हणून राखणदारालाच गावाबाहेर हाकलून दिलंस तू. आणि ‘बघा, किती शांत झालं’ म्हणून मिरवतोयस.

कोणाचा आहे हा अँप्लिफायर? डिचोलीच्या भजनी मास्तरांचा. चवथ तोंडावर आलीय. याच अँप्लिफायरला माइक लावून घरात आरत्या होणार, घुमट वाजणार. डोक्यावर माटोळी टांगलेली, तिच्यातली ओली फळं, पानं ठिबकताहेत. जमीन सारवलेली किंवा नुकती पुसलेली, आणि मास्तर न्हाऊन, ओल्या पायांनी उभे. त्यांच्या मुठीत माइक आहे, धातूचा. माइकचं अंग केबलच्या जाळीतून अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेलं आहे. आता ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं, किंवा आत उंदराने वायर कुरतडली, तर पत्र्यावर २३० व्होल्ट आले. अर्थ असता तर तो प्रवाह जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता, घरात ईएलसीबी असेल तर तो ३० मिलिअँपिअरलाच पडला असता. अर्थ तू कापलास. आता जमिनीत जायला वाट एकच उरली, मास्तरांच्या मुठीतून पायांपर्यंत. ३० मिलिअँपिअर म्हणजे एखादा छोटा एलईडीही नीट पेटवेल एवढाच प्रवाह. माणसाच्या छातीतून गेला तर मूठ सुटत नाही आणि श्वास अडकतो. आरती थांबेल तेव्हा घरच्यांना वाटेल माइक बिघडला.

हसू येतंय? नाही ना. मग पुढे ऐक, कारण ती घुं होती कशाची ते तुला अजून कळलेलं नाही.

तू आधी फिल्टर बदललेस. का? ‘घुं म्हणजे फिल्टर’ असं कोणीतरी सांगितलं. कोणती घुं? ५० हर्ट्झची की १०० ची? आपल्या लाइनची फ्रीक्वेन्सी ५०. ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी उलगडतो, म्हणून फिल्टर थकला की जो आवाज येतो तो १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत, कडा असलेला. अर्थच्या फेऱ्यातून किंवा उघड्या इनपुटमधून शिरणारी घुं बहुतेक वेळा ५० ची, खोल, पोटात जाणवणारी, पेटीच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खालची. कानाला फरक कळत नसेल तर मोबाइलवर फुकटात मिळणारं स्पेक्ट्रम अ‍ॅप उघड, सर्वांत उंच काटा कुठे आहे बघ. एका मिनिटाचं काम. कपॅसिटरचे पैसे वाचले असते.

त्याहून सोपी तपासणी सांगतो. व्हॉल्यूम फिरव. घुं वाढते-घटते? मग ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतेय. व्हॉल्यूम शून्यावर असूनही तेवढीच राहते? मग ती त्याच्या पुढची, पॉवरच्या भागातली किंवा सप्लायची. मग एकेक करून मागच्या वायरी काढ. सगळ्या काढल्या, इनपुटला आतला आणि बाहेरचा भाग जोडलेला रिकामा आरसीए प्लग घातला, आणि घुं गेली? अँप्लिफायर निर्दोष. आता एकेक वायर परत लाव आणि कोणती लावताच ती परत येते ते बघ.

मास्तरांकडे ती कशाने परत आली असती ते मी इथे बसून सांगतो. टीव्हीने. त्यांचा केबलचा सेटटॉप बॉक्स टीव्हीला, टीव्ही अँप्लिफायरला. केबलच्या जाड वायरीची जाळी रस्त्यावर कुठेतरी जमिनीला जोडलेली. अँप्लिफायरचा पत्रा प्लगमधून घरच्या अर्थला जोडलेला. दोन ठिकाणच्या जमिनी, दोघींत व्होल्टेजचा थोडासा फरक. तो फरक आरसीए वायरीच्या जाळीतून प्रवाह ढकलतो, आणि तो ५० हर्ट्झचा प्रवाह अँप्लिफायरला सिग्नल वाटतो. केबलची वायर बॉक्समागून उपसली असतीस तर घुं जागच्या जागी गेली असती आणि चोर हाती लागला असता. तू घराचा अर्थ तोडलास. फेरा तुटला हे खरं. पण फेऱ्याच्या दोन टोकांतलं जीव वाचवणारं टोक नेमकं तुझ्या हॅकसॉला सापडलं.

उपाय? केबलच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घाल. टीव्हीचे कार्यक्रम त्यातून जातात, ५० हर्ट्झचा प्रवाह अडतो. नाहीतर टीव्ही आणि अँप्लिफायरच्या मधल्या आवाजाच्या वायरीत ६०० ओहमचा एकास एक ट्रान्सफॉर्मर घाल. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर सगळ्यांत स्वच्छ: पारदर्शक धाग्यातून प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच नाही, मग फेरा कुठून तयार होणार? हे सगळे उपाय सिग्नलच्या वाटेवर आहेत. एकही अर्थच्या वाटेवर नाही. हे पाठ कर. उद्या कोणी रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगता आलं पाहिजे.

अर्थबद्दल आणखी एक. डिचोलीसारख्या भागात जमिनीखाली जांभा. पावसात ओला असतो तोवर बरा, एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत झाला की अर्थचा रोध वाढतो. किनाऱ्याकडे मोरजी, मांद्रे, हरमलला खाऱ्या वाऱ्याने अर्थची जस्त चढवलेली लोखंडी तार खाऊन टाकलेली असते, वरून दिसते, आत तुटलेली. म्हणून घरचा अर्थ जिवंत आहे की नुसता भिंतीत रंगवलेला, हे बघायला हवं. मल्टिमीटर इथे फसवतो. त्याचा रोध इतका मोठा की तुटक्या अर्थलाही तो फेजपाशी २०० च्या वर दाखवू शकतो. परवानाधारक वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलाव. अर्थिंगचं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. त्याच्याकडून काम त्याप्रमाणे करून घ्यायला सांग. आणि अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणारा कोणी भेटला, तर त्याला माझा पत्ता दे. न्यूट्रल बाहेर कुठेतरी तुटला की घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर लाइन येते. मला त्याच्याशी निवांत बोलायचंय.

मास्तरांना हे मशीन कशासाठी हवंय, विचारलंस? आरत्यांपुरतं नाही. जुन्या रेकॉर्ड ऐकायच्यात त्यांना. केसरबाई केरकर, आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. ती आंतरतारकीय अवकाशात पोचली, आणि डिचोलीच्या दिवाणखान्यात ती तानपुऱ्यासकट ५० हर्ट्झच्या घुंखाली बुडते. घुं घालवणं हे मोठं काम आहे, मी नाही म्हणत नाही. म्हणूनच ते नीट करायचं असतं. टर्नटेबलला एक वेगळी बारीक अर्थची वायर येते. ती अँप्लिफायरमागच्या स्क्रूला आवळायची, लटकत ठेवायची नाही. तिथेही घुं असते आणि तिथेही लोक फिल्टर बदलतात.

बाकीचे आवाज झटपट. मास्तरांच्या घरी सगळं एकाच स्पाइक गार्डवर आहे ना? एक लाल बटण, एकदम सगळं चालू. मग टीव्ही, बॉक्स, मिक्सर यांचे चालू होतानाचे धक्के जागा झालेला अँप्लिफायर इमानदारीने मोठे करून स्पीकरला देतो. क्रम असा, सगळी यंत्रं आधी, पॉवर अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलट, अँप्लिफायर पहिला. व्हॉल्यूम खाली ठेवून. कांपालच्या कला अकादमीत नाटकाच्या आधी कधी जाऊन बघ, मिक्सर चालू करायच्या आधी अँप्लिफायर चालू करणारा कोणी दिसतो का ते. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय द्यायचा किंवा काढायचा तर आधी तो चॅनल बंद करायचा. दशावताराच्या रात्री पेडण्यात हे न केल्याने पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं दचकून उठलेली तूही पाहिली असशील.

फ्रिज थांबला किंवा पंख्याचं बटण बंद केलं की ‘टक्’ होतं? बटणातली ठिणगी आहे. ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर बटणावर लावायचा. पण कपॅसिटर एक्स-टू जातीचा, लाइनवर बसवायला बनवलेला. डब्यातला कुठलाही चालणार नाही. ब्लूटूथचा स्वस्त बोर्ड आत टाकला आणि ‘किर्रर्र’ आली, तर त्याचा ५ व्होल्टचा सप्लाय आणि आवाज यांची जमीन एकच झालेली असते. त्याला पृथक केलेला ५ व्होल्टचा कन्व्हर्टर दे, किर्र गेली.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली, तर आठव, हा अँप्लिफायर पावसाळाभर माळ्यावर होता. पणजीत वर्षाला पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात. जूनपासून बंद पडलेल्या यंत्राच्या पॉटवर, आरसीए सॉकेटवर, रिलेच्या टोकांवर काळपट थर चढणारच. बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पॉट दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळदा फिरवायचा, मग सुकू द्यायचं. खोबरेल तेल नाही. आणि साफ केल्यावरही फिरवताना सगळीकडे खरखर राहिली, तर पॉटवर डीसी येतोय, म्हणजे त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. पॉट बदलून जाणार नाही. आणि गिऱ्हाइकाला सांग, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तासभर चालू ठेवा. यंत्र स्वतःच्या उबेने सुकतं. मुंग्या, पाली तिथे घर करत नाहीत.

आता उद्याचं काम. प्लग नवा घाल, तीन पिनांचा, आणि त्यातला अर्थ पत्र्याला जोडलाय हे मीटरने बघून मला फोन कर. सातव्या पायाचा कपॅसिटर बदल. भंगार स्पीकर लावून दहा वेळा चालू-बंद कर, दर वेळी टिक् मोज. मग मास्तरांच्या घरी जा, केबलला आयसोलेटर लाव, घुं शेवटच्या व्हॉल्यूमला ऐकून बघ.

आणि जुना ट्रान्सफॉर्मर, जुने ट्रान्झिस्टर, जुने फिल्टर कुठे आहेत? दुकानात आहेत? बरं झालं, भंगारवाल्याला दिले नाहीस. एकेक मीटरवर घाल. मला खात्री आहे, बहुतेक चांगले निघतील. चांगला निघालेला प्रत्येक पार्ट कागदात बांधून मास्तरांकडे घेऊन जा आणि त्याचे घेतलेले पैसे परत कर. ‘सर म्हणाले’ असं सांगून नाही, ‘मी न ऐकता बदलले’ असं सांगून. त्यांनी विचारलं की मग बिघडलं होतं काय, तर तो सुकलेला कपॅसिटर त्यांच्या तळहातावर ठेव आणि त्याची खरी किंमत सांग. लाज वाटेल. वाटू दे. पुढचं गिऱ्हाईक आलं की झाकण उघडण्याआधी तीच तुला बटण दाबून ऐकायला बसवील.